गावात पैसा येतो, पण थांबतो कुठे?

लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज घरातच रेकॉर्ड करतेय आणि खाली रस्ता खणायचं काम चालू आहे. मध्येच खडखडाट आला तर समजून घ्या.

आजचा विषय खरं तर यादीत नव्हता. परवा रात्री गावाहून काकाचा फोन आला. "बाय, शिमग्याला येतेस ना? येताना आधार कार्ड आण. तुझी सही लागतेय."

कसली सही, ते मला माहीत होतं. आमचं गाव मंडणगड तालुक्यात, समुद्राच्या बाजूला. नाव घेत नाही, काकाला आवडणार नाही. तिथे आमचं जुनं घर आहे, घरामागे अठरा गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे, आणि वाडी संपली की केवड्याचं बन आणि मग पुळण. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे सातबारावर आता माझं नाव आहे. काकाचं आहे, दोन आत्यांची आहेत. एकाने जरी सही केली नाही तरी व्यवहार होत नाही. एक एजंट गेली दोन वर्षं घिरट्या घालतोय. पुण्यातली एक पार्टी आहे म्हणे, रिसॉर्ट बांधायचंय. माझ्या वाट्याला जी रक्कम येईल, त्यात डोंबिवलीच्या फ्लॅटचं उरलेलं कर्ज फिटून वर थोडे उरतील. खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मी कॅल्क्युलेटर उघडला होता.

तर आज मी तुम्हाला "जमीन विकू नका हो, कोकण वाचवा" असं भाषण देणार नाहीये. ती रील्स तुम्ही भरपूर बघितली आहेत, आणि त्यातली निम्मी ज्यांनी बनवली ते स्वतः प्लॉट विकतात. मला सांगायचंय ते वेगळं आहे. गेल्या तीन वर्षांत मी आणि माझ्या काकीने एका वहीत जे हिशोब मांडले, त्यातून गावाच्या पैशाबद्दल मला एक गोष्ट कळली. ती मला शाळा-कॉलेजात कोणी सांगितली नव्हती, आणि मी बी.कॉम. आहे.

आधी थोडं मागे जाऊ. कोकणाला मनिऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. महिन्याला मनिऑर्डर यायची, आजी अंगठा उठवायची आणि पोस्टमन नोटा मोजून द्यायचा. घरोघरी हेच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो पैसा आटला. आजोबा गावी परत आले. आजी सांगायची, त्या वर्षी पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं पैसा येत होता पण गावात त्याचं काहीच झालेलं नाही. दुकान नाही, कारखाना नाही, धंदा नाही. मुंबईहून आलेले पैसे वाण्याकडे जायचे, वाणी बाजारपेठेत भरायचा, बाजारपेठ परत मुंबईला. पोस्टमन आला त्या दिवशी पैसा गावात असायचा, आठवड्याने नसायचा. गळकी कळशी म्हणा. विहिरीवरून भरून आणायची आणि घरी पोचेपर्यंत अर्धी. आपण काय करतो, विहिरीवर अजून एक खेप मारतो. कळशीचं भोक कोणी बघत नाही.

आता वेळासला येऊ. आमच्या तालुक्यातलं सगळ्यात प्रसिद्ध गाव. पूर्वी नाना फडणवीसांचं गाव म्हणून माहीत होतं, आता कासवांचं गाव म्हणून. तुमच्यापैकी बरेच जण गेलेही असाल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं थंडीच्या दिवसांत रात्री पुळणीवर येतात, वाळूत खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पिल्लांचं तोंडही बघत नाहीत. पन्नासएक दिवसांनी पिल्लं वर येतात आणि समुद्राकडे धावत सुटतात.

पूर्वी ही अंडी लोक खायचे, विकायचे. किनाऱ्यावर सगळीकडेच. माझ्या आजीने खाल्लेली आहेत, तिने ते कधी लपवलं नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, वेळासला कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. घरटी शोधायची, अंडी तशीच्या तशी उचलून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत पुरायची, पिल्लं आली की सोडायची. हे काम चिपळूणहून येऊन रोज पहाटे करणं शक्यच नव्हतं. वाळूवरचा कासवाचा माग ओळखणारे डोळे गावातच होते, म्हणून गावातलीच माणसं कासवमित्र झाली.

पण मंडळी, नुसतं संरक्षण करून पोट भरत नाही. गावाने विचारलंच असणार, की कासवं वाचली, बरं झालं, आमचं काय? २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. कल्पना एकदम साधी होती. पिल्लं सोडताना बघायला लोक या. हॉटेल नाही, लॉज नाही, आमच्या घरात राहा. ओटीवर गाद्या टाकू, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं करू, सोलकढी देऊ. संडास सगळ्यांना मिळून एकच.

याच्यात एक गोष्ट सहज सुटून जाते. वेळासला हॉटेल बांधायला पैसे नव्हते, म्हणून घरं उघडली. ती अडचण होती. पण त्या अडचणीमुळे झालं असं की पाहुण्याने दिलेला पैसा थेट चुलीपाशी गेला. मध्ये कोणी मालक नव्हता. तांदूळ घरचा, कुळीथ घरचे, कोकम शेजारचं, भाकऱ्या थापायला पलीकडच्या वाडीतली बाई. एका पाहुण्याचे पैसे गावातल्या तीन-चार घरांत फिरून मग बाहेर जायचे. आणि ज्या घरात कासवामुळे चार पैसे येतात, त्या घरातलं कोणी अंडी चोरायला जात नाही, दुसऱ्याला जाऊही देत नाही. नुसता बोर्ड लावून हे होत नसतं. समुद्री कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पण पुळणीवर रात्री दोन वाजता कायदा नसतो, गावातला माणूस असतो.

आता आमच्या गावाकडे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. तेव्हा लॉकडाऊन होतं, आम्ही इथे अडकलेलो, आणि दोन दिवस गावचा फोनच लागेना. लागला तेव्हा काका फक्त एवढंच म्हणाला, "वाडी झोपली." सुपारी लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात. माझ्या आजोबांनी गिरणी सुटल्यावर लावलेली झाडं होती ती. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. ऐकायला बरं वाटतं ना? हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. कोकणात कोणाकडे हेक्टर असतो हो? गुंठ्याला पाचशे रुपये. आमच्या अठरा गुंठ्यांचे नऊ हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त झाली.

तेव्हा काकीने ठरवलं की पाहुणे ठेवायचे. वेळासची घरं भरली की उरलेले लोक आसपासच्या गावांत जागा शोधतात, पहाटे गाडीने तिकडे जातात. आमच्याकडे दोन खोल्या आणि ओटी होती. बचत गटातून कर्ज काढून तिने संडास-बाथरूम बांधलं. काका म्हणाला, परक्या लोकांना घरात घ्यायचं म्हणजे काय? काकी म्हणाली, "सुपाऱ्या उभ्या राहेपर्यंत खायचं काय, ते तुम्ही सांगा."

पहिलं वर्ष बरं गेलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मार्चमध्ये मी गेले होते तेव्हा दर शनिवार-रविवार घर भरलेलं. काकी पहाटे चारला उठत होती, रात्री अकराला पाठ टेकत होती. मी विचारलं, काकी, किती सुटतात? ती म्हणाली, "सुटतात की. माणशी हजार घेतो." मी म्हटलं, ते घेतेस ते झालं. सुटतात किती? तिला सांगता येईना. मलाही येईना. मग आम्ही माझ्या जुन्या शाळेच्या वहीत एका रात्रीचा हिशोब मांडला. तो मी तुम्हाला वाचून दाखवते, वही समोरच आहे. हा एका घराचा एका रात्रीचा हिशोब आहे, सगळ्या कोकणाचा नाही.

आठ माणसं, माणशी हजार. आले आठ हजार.

पुण्याचा एक मुलगा ग्रुप घेऊन येतो, त्याचे माणशी दोनशे, म्हणजे सोळाशे रुपये. किराणा, बाजारपेठेतून, १,३८०. गॅस ३५०. गाद्या मंडपवाल्याकडून भाड्याने, ४००. बाटलीबंद पाण्याचे बॉक्स २४०. बेरीज ३,९७०. हे सगळे गावाच्या बाहेर गेले.

गावात काय गेलं? कोळणीकडून मासे ९५०. शेजारची वहिनी भाकऱ्या आणि भांड्यांना आली तिला ५००. नारळ आणि आगळ २८०. हे १,७३०.

काकीच्या हातात उरले २,३००. त्यात तिचे स्वतःचे एकोणीस तास, काकाचे समुद्रावर नेण्या-आणण्याचे तीन तास, घरचा तांदूळ, घरची भाजी. याचे पैसे कुठे धरलेच नव्हते.

काकी बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे रांधते मी आन् निम्मं जेवतो बाजार."

मला वाटतं अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक तिने एका वाक्यात सांगितलं. मला मात्र त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला तो त्या गाद्यांचा. चारशे रुपये! दर आठवड्याला! गाद्यांना! सोळाशेचं मला इतकं वाटलं नाही, कारण तो मुलगा निदान पाहुणे तरी आणत होता. माणसाचं डोकं कसं चालतं बघा.

त्यानंतर काय झालं ते सांगते, पण फार मोठी क्रांती वगैरे समजू नका. आमच्या वाडीत बचत गट आधीपासून होता. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये. बचत गट म्हटलं की तुम्हाला पापड-लोणची आणि हळदीकुंकू आठवत असेल, मलाही तेच आठवायचं. पण जरा थांबून विचार करा. १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हापासून हे चालू आहे. या बायका एकमेकींना कर्ज देतात, त्यावर व्याज घेतात, आणि ते व्याज गटातच राहतं. काकीने संडासासाठी जे व्याज भरलं त्यातूनच पुढे दुसरीच्या मुलाची फी गेली. तेच कर्ज तिने घरोघरी फिरणाऱ्या फायनान्सवाल्याकडून काढलं असतं तर व्याज शहरात गेलं असतं आणि हप्ता चुकला की माणूस दारात. कर्ज तेवढंच, कळशीचं भोक मात्र बंद.

तर गटाने ठरवलं की गाद्या आपण घ्यायच्या. तीस गाद्या, उशा, चादरी. ज्या घरात पाहुणे असतील त्याने गटाकडून भाड्याने घ्यायच्या. मग सहा घरं एकत्र आली आणि एकच व्हॉट्सअॅप नंबर केला. फोन घेते गटातली एक मुलगी, बारावी झालेली, घरीच होती. पाहुणे पाळीपाळीने घरं वाटून देते. माणशी शंभर रुपये गटाला, त्यातून तिला महिन्याचे पैसे. पुण्याचा मुलगा अजूनही येतो, पण आता त्याला दोनशे नाहीत. तो आधी रुसला, मग आला. त्याचंही पोट आहे, आणि इतकं स्वच्छ घर त्याला दुसरीकडे मिळत नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तोच हिशोब परत मांडला. आठ माणसं, आठ हजार. बाहेर गेले: किराणा १,४००, गॅस ३७०, बाटल्या २४०. एकूण २,०१०. बाटल्या बंद करता आल्या नाहीत, लोकांना माठातलं पाणी चालत नाही, काय करणार. म्हणजे आठ हजारांतले जवळजवळ सहा हजार गावात राहिले. पाहुणे वाढले नाहीत, दर वाढले नाहीत. फक्त भोकं बुजवली.

असं दुसरीकडे कुठे झालंय का, हे बघायला मी गेल्या वर्षी वेंगुर्ल्याला गेले होते. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी नावाचा महिला गट आहे. २०१७ पासून त्या कांदळवन सफारी करतात. होडी त्या स्वतः वल्हवतात, इंजिन नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्गात एक प्रकल्प होता, त्यातून त्यांना प्रशिक्षण मिळालं. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका. लहानपणापासून त्या खाडीत कालवं-खुबे काढत आल्या, त्यामुळे कुठल्या झाडाची मुळं वर येतात, कुठे खेकडा बसतो, कुठला पक्षी कधी येतो हे त्यांना पाठ. ते ज्ञान आधी फुकट होतं, आता त्याचं तिकीट आहे. मी होडीत बसले होते तेव्हा एका पाहुण्याने विचारलं, इंजिन का नाही लावत, दिवसाला जास्त फेऱ्या होतील. वल्हं मारणारी बाई म्हणाली, आवाजाने पक्षी उडाले की मग काय दाखवू तुम्हाला, आमचं तोंड?

कांदळवनाबद्दल अजून एक. राज्य सरकारची २०१७ पासूनची योजना आहे, कांदळवन जपणाऱ्या गावांना खेकडापालन, कालवंपालन असे धंदे करायला मदत देणारी. त्यात गटाने केलं तर ९० टक्के पैसे सरकारचे, एकट्याने केलं तर ७५ टक्के. मला हा फरक आवडतो. तुम्ही खाडीकाठच्या गावातले असाल तर कांदळवन कक्षात जाऊन विचारा, नुसता हा पॉडकास्ट ऐकून गप्प बसू नका.

इथपर्यंत सगळं छान छान झालं. आता जे मला रात्री झोपू देत नाही ते.

गेल्या गणपतीत मी गावी हाच सगळा हिशोब उत्साहात सांगत होते. माझा चुलत भाऊ, आमचा दादा, भिंतीला टेकून ऐकत होता. तो गावातच असतो, वय बत्तीस. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जातो, मध्ये काही दिवस वायरिंगची कामं करतो. माझं झाल्यावर तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे सगळं. पण कासवं किती दिवस असतात गं?"

फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे काही दिवस. त्यातले शनिवार-रविवार.

"आणि उरलेले दहा महिने?" तो म्हणाला. "रिसॉर्टवाला बारा महिने पगार देणार म्हणतोय. पावसातसुद्धा. मला कोणी मुलगी देत नाही, माहीत आहे ना तुला? विचारतात, मुलगा काय करतो. काय सांगू, आईला भाकऱ्यांचं पीठ दळून आणतो? तू येतेस वर्षातून दोनदा, कासवं बघतेस, एपिसोड करतेस. इथे राहायचंय मला."

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते तर मी कधीच सही करून मोकळी झाले असते.

आणि अजूनही गोष्टी आहेत. त्या सहा घरांत फक्त रस्त्यालगतची, स्लॅबची, संडास असलेली घरं आहेत. वरच्या वाडीत, जिथे पाणी मार्चमध्येच संपतं, तिथे कोण पाहुणा राहणार? त्यांच्या वाट्याला भाकऱ्या आणि भांडी येतात. गावात पैसा थांबला हे खरं, पण गावातही तो उतारावरच थांबतो. मी गटात हे बोलले तेव्हा दोघी-तिघींनी तोंडं फिरवली. मग ठरलं की कोकम आणि तांदूळ वरच्या वाडीतूनच घ्यायचं, बाजारातून नाही. अर्धंमुर्धं पाळलं जातं.

आणि तिसरी गोष्ट मला फारच उशिरा कळली. सगळे ऑनलाइन पैसे काकाच्या खात्यात जात होते. क्यूआर कोड त्याचा. हिशोबाची वही काकीची, कष्ट काकीचे, आणि गॅसला पैसे लागले की काकी काकाकडे मागत होती. मी गावाच्या भोकांबद्दल एवढं बोलत होते आणि घरातलं दिसलं नव्हतं. काका वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि काकीच्याही नाही. डिसेंबरमध्ये आम्ही दोघी बँकेत गेलो. आता भिंतीवर नवा कोड चिकटवलाय, त्याच्यावर तिचं नाव आहे. पहिल्यांदा पैसे आल्याचा मेसेज आला तेव्हा तिने मला स्क्रीनशॉट पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

तर रिसॉर्ट. मी त्याचाही हिशोब मांडायचा प्रयत्न केला. एजंटने सांगितलं त्यावरून गावातल्या आठ-दहा जणांना काम मिळेल. वॉचमन, सफाई, माळी. मॅनेजर आणि आचारी बाहेरचे. किराणा पनवेलहून घाऊक येणार. नफा पुण्याला. पगार गावात येणार, हे मी नाकारत नाही, आणि बारा महिने येणार. पण ज्या जमिनीवर काकी आज मालकीण आहे तिथे दादा वॉचमन होणार. हे वाक्य मी फोनवर काकाला बोलले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाचमनला पगार असतो बाय. मालकाला नसतो."

बघा, आता यावर काय बोलणार.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे, कच्ची आहे, हसू नका. विकायचं नाही, पण नुसतं "नाही" म्हणूनही बसायचं नाही. गटाकडे आता थोडा पैसा साठलाय. आत्या, काका आणि मी, आम्ही आमच्या वाट्याची वाडी गटाला भाडेकरार करून दिली तर? नवीन सुपाऱ्या दादाने लावल्यात, दोन-तीन वर्षांत धरतील. पावसाळ्यात आगळ, आमसुलं, फणसाचे गरे वाळवायचं काम वाडीतच करता येईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, हापूसला २०१८ मध्ये मिळालं, पण आमच्या गावातलं कोकम अजून बिनलेबलाच्या डब्यात व्यापाऱ्याकडे जातं आणि मुंबईत बाटलीत भरून विकलं जातं. मीच डोंबिवलीत ती बाटली घेतलीय, परवाच. दादाला याच्यात महिन्याचा ठरलेला पगार हवा, पावसातसुद्धा. तो कुठून काढायचा हे वहीच्या शेवटच्या तीन पानांवर मांडलंय. पहिल्या वर्षी जमत नाही, तुटतं. माझ्या पगारातून मी भर घातली तर जमतं. म्हणजे परत मुंबईची मनिऑर्डरच झाली की! फक्त या वेळी ती वाण्याकडे न जाता सुपारीच्या मुळाशी जाईल, एवढं बघायचं.

आणि मी हे करणार का? फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला असतो.

आत्यांशी बोलणं झालंय. मोठी आत्या म्हणाली, "मला १९९० साली हक्कसोडपत्रावर सही कर म्हणाले होते, मी केली नाही. तेव्हा सगळे माझ्यावर रुसले होते. आता बघ, माझ्याशिवाय यांचं अडतंय." आणि खूप हसली. धाकटी आत्या म्हणाली, तिला पैसे हवे आहेत, मुलाचं इंजिनीअरिंग आहे. तिचंही चूक नाही.

शिमग्याला पालखी आमच्या घरी येते ती रात्री. त्या दिवशी सगळी भावकी असते, त्यामुळे असले विषय तेव्हाच निघतात. कोणी ढोल वाजवत असतं आणि कोणी ओटीवर सातबारा काढून बसलेलं असतं. मी वही घेतलीय. आधार कार्डपण घेतलंय, काकाने सांगितलंय तर. दादाला मेसेज केलाय की शेवटची तीन पानं आधी तू वाच, मग बाकीच्यांना दाखवू, आणि आकडे चुकले असतील तर पेनाने खोड. त्याचा रिप्लाय आलाय: "पेन नको. पेन्सिल आण."

माझी एसटी रात्री साडेदहाची आहे आणि अजून बॅग भरायचीय. तिकडे रेंज घराच्या मागे, वाडीच्या टोकालाच येते, त्यामुळे पुढचा भाग एक आठवडा उशिरा येईल. तोपर्यंत तुमच्या गावचा, तुमच्या घरचा एका दिवसाचा हिशोब मांडून मला व्हॉइस नोट पाठवा. आला किती, गावात राहिला किती. नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. भेटू.